नावाला कंस करा, पण नाव पुसू नका: जुन्या कर्नल पॅकेजेसचं काय होतं?

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य आहे : या अकरा आठवड्यांतल्या मोजण्या विश्लेषणातून वगळल्या आहेत. वाचणाऱ्याला ते साधंसं वाटेल. मला मात्र ते लिहायच्या निर्णयापर्यंत यायला जवळजवळ चार महिने लागले आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात नव्हतंच. कारण होतं एक फाईल, जी इंटरनेटवर होती आणि आता नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या प्रयोगशाळेत डिटेक्टरमधून येणाऱ्या प्रत्येक स्पंदाची वेळ एक लिनक्सचा संगणक नोंदवतो. लागोपाठच्या दोन स्पंदांमध्ये किती वेळ गेला, याचा आलेख काढला की एक छान घसरत जाणारी रेषा मिळते. त्या अकरा आठवड्यांच्या आलेखात मात्र मधेच एक छोटा उंचवटा होता. आधीच्या मोजण्यांत नाही, नंतरच्या मोजण्यांतही नाही. परीक्षकांनी अगदी रास्त प्रश्न विचारला, "हा उंचवटा निसर्गाचा की तुमच्या यंत्राचा?"

वही काढली. त्या काळात संगणकावर वेगळं कर्नल चालू होतं, हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. (घरी फोनवर म्हटलं, "अगं, कर्नल सापडत नाहीये," तर आईला वाटलं सैन्यातले कुणी साहेब बेपत्ता झाले.) कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा, कार्डाकडून आलेली सूचना किती तातडीने ऐकायची, फाईल डिस्कवर कधी लिहायची, हे सगळं तो ठरवतो. वेळ मोजायचा प्रयोग असेल तर कर्नल हा उपकरणाचाच भाग असतो. आम्ही ऑसिलोस्कोपचा अनुक्रमांक लिहितो, कॅलिब्रेशनची तारीख लिहितो, पण कर्नलबद्दल एका ओळीत उरकतो.

ते कर्नल वितरणाबरोबर आलेलं नव्हतं. एका स्वयंसेवकाने कमी विलंबासाठी बांधलेलं पॅकेज आम्ही त्यांच्या रेपोमधून घेतलं होतं. रेपोचं नाव इथे देत नाही, कारण दोष त्या एका माणसाचा नाही. मी पत्ता उघडला तेव्हा तिथे फक्त सगळ्यात नवी आवृत्ती होती. जुनं काहीच नाही. आमच्या संगणकाने तर स्वच्छता म्हणून जुनं कर्नल आणि त्याची कॉन्फिग फाईल केव्हाच उडवून टाकली होती.

मग मी मूळ सोर्स आणला, कॉन्फिग अंदाजाने जुळवली आणि स्वतः कर्नल बांधलं. उंचवटा आला नाही. आता यातून काय सिद्ध झालं? काहीच नाही. कदाचित उंचवटा खरोखर निसर्गाचा असेल. कदाचित तो त्या कर्नलचा असेल आणि माझ्या अंदाजी कॉन्फिगमध्ये नेमकी ती एक गोष्ट वेगळी असेल. या दोन शक्यतांमध्ये निवड करायला जी एक वस्तू हवी होती, तीच नव्हती. म्हणून ते वाक्य.

तेव्हापासून मी वेगवेगळे समुदाय कर्नलची पॅकेजेस प्रसिद्ध कशी करतात आणि जुनी झाल्यावर त्यांचं काय करतात, हे पाहत आले आहे. आजची पोस्ट त्याबद्दलची टीका आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : प्रसिद्ध करणं ही कला आपण उत्तम शिकलो, जतन करणं मात्र अजून उरलासुरला उद्योग आहे.

सातबारा आणि फेरफार

गावाकडे जमीन असलेल्यांना हे लगेच कळेल. सातबारा सांगतो की आज जमीन कुणाच्या नावावर आहे. पण ती तिथपर्यंत कशी आली, हे फेरफार नोंदी सांगतात. आणि सातबाऱ्यावरचं जुनं नाव कमी होतं तेव्हा ते खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि बाजूला फेरफाराचा क्रमांक टाकतात. नाव वाचता येतं, ते आता लागू नाही हेही कळतं आणि का नाही ते कुठे पाहायचं, तेही कळतं.

पॅकेजचा रेपो म्हणजे सातबारा : आज काय बसवायचं ते सांगणारा. संग्रह म्हणजे फेरफार नोंदवही. बहुतेक छोट्या रेपोंमध्ये सातबारा चकचकीत असतो आणि नोंदवही नसतेच.

डेबियन : नोंदवही आहे, कंस नाही

या बाबतीत सगळ्यात मोठं काम डेबियनने केलंय. स्नॅपशॉट नावाच्या त्यांच्या सेवेत २००५पासूनच्या पॅकेजेसच्या नोंदी आहेत. मुख्य संग्रह बदलला की त्याची प्रत घेतली जाते, तीही दिवसातून अनेकदा. प्रत्येक फाईल तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने ओळखली जाते, त्यामुळे तीच फाईल शंभर दिवस तशीच राहिली तरी जागा एकदाच लागते. तुम्ही तारीख सांगायची आणि त्या दिवशी डेबियन जसं होतं तसं उघडायचं. बायनरी आणि सोर्स, दोन्ही. हे काम कुणीतरी वर्षानुवर्षं, टाळ्यांविना करत आलंय. आधी नमस्कार, मग तक्रार.

तक्रारीसाठी एक खरं प्रकरण घेऊ. डिसेंबर २०२३मध्ये डेबियन १२.३ बाहेर पडायच्या बेतात होतं. त्यातलं कर्नल होतं ६.१.६४. आणि ऐनवेळी लक्षात आलं की त्यात एक्स्ट४ या फाईलप्रणालीवरचा डेटा बिघडवू शकणारा दोष आहे. कारण मोठं शिकण्यासारखं आहे. पुढच्या आवृत्तीतली एक दुरुस्ती मागे ६.१ मालिकेत आणली गेली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो बदल ६.१मध्ये नव्हताच. एकटी दुरुस्ती बरोबर, जोडीदाराविना घातक. डेबियनने १२.३च्या प्रतिमा थांबवल्या, लोकांना अपग्रेड करू नका असं जाहीर सांगितलं आणि १० डिसेंबरला ६.१.६६ घेऊन थेट १२.४ काढलं. प्रसिद्धीची शिस्त म्हणून हे मला आदर्श वाटतं. चूक लपवली नाही, क्रमांक वाया गेला तर जाऊ दिला.

आता जतनाकडे या. समजा, त्या दोन दिवसांत कुणाच्या संगणकाने ६.१.६४ घेतलं आणि त्यावर मोजण्या लिहिल्या गेल्या. तीन वर्षांनी त्यांना संशय आला तर दोषी कर्नल पुन्हा चालवून पाहायला हवं. म्हणजे *बिघडलेलं* पॅकेजसुद्धा जपायला हवं, किंबहुना तेच आधी. सगळं सरसकट जपणाऱ्या संग्रहाचं मोल इथे कळतं. पण त्याच्या यादीत ६.१.६४ इतर आवृत्त्यांसारखंच निमूटपणे बसलेलं असतं. शेजारी सूचना नाही, दोषाच्या नोंदीकडे बोट नाही. डेबियनकडे फेरफार आहे, पण कंस करायची सोय नाही. नवख्या माणसाने तारीख टाकून तेच उतरवलं तर त्याला सावध करणारं तिथे कुणी नाही.

दुसरी गोची नावांची. त्या डेबियनवर ‘युनेम -आर’ ही आज्ञा दिली तर ६.१.०-१४ असं काहीतरी उत्तर येतं. त्यात ६४ कुठेच नाही! तो शेवटचा चौदा हा डेबियनचा स्वतःचा अंतर्गत क्रमांक, आणि मूळ आवृत्ती कळायला ‘युनेम -व्ही’ विचारावं लागतं. या रचनेला तांत्रिक कारणं आहेत आणि ती पटण्यासारखी आहेत. पण परिणाम पाहा : शोधनिबंधांत लोक छापतात ‘लिनक्स ६.१.०’. त्या वाक्याने कोणत्याही संग्रहातून काहीही शोधता येत नाही. पत्ता म्हणून "पुणे" एवढंच लिहिल्यासारखं.

तिसरी गोष्ट जरा मजेशीर आहे. जुन्या तारखेचा संग्रह एपीटीला दाखवला की तो अनेकदा रुसतो, कारण त्या यादीवर ‘इथपर्यंत वैध’ अशी तारीख असते आणि ती उलटलेली असते. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. कुणी दुष्टाने तुम्हाला मुद्दाम जुनी यादी पुरवू नये म्हणून ती तारीख आहे. पण अभ्यासकाला तीच जुनी यादी हवी असते. मग तो तपासणी बंद करतो. म्हणजे संग्रह वापरायचा तर पहिली पायरी काय, तर सुरक्षेचं एक कुलूप स्वतः काढायचं. जतनाचा विचार नंतर जोडला गेला की असंच होतं.

ईएलरेपो : प्रामाणिक पाटी

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि त्याच्या भावंडांवर कर्नल मुद्दाम जुन्या पायावर ठेवलेलं असतं. सातव्या आवृत्तीत ३.१०, आठवीत ४.१८, नववीत ५.१४. वरून दुरुस्त्या येत राहतात, पण पाया तोच. नवं हार्डवेअर आलं की लोक अडतात आणि ईएलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाकडे वळतात. ते कर्नल-एमएल म्हणजे मुख्य प्रवाहातलं ताजं आणि कर्नल-एलटी म्हणजे दीर्घकाळ सांभाळलं जाणारं, अशी दोन पॅकेजेस बांधतात.

इथली दोन गोष्टींची मी चाहती आहे. एक म्हणजे नाव. पॅकेजला मुद्दाम वेगळं नाव दिल्यामुळे ते वितरणाच्या कर्नलला हटवत नाही, शेजारी बसतं. नवं बिघडलं तर बूटच्या वेळी जुनं निवडा. दुसरी म्हणजे पाटी. ही पॅकेजेस जशी आहेत तशी दिली आहेत, हमी नाही, डेटा बिघडण्यापर्यंत धोका असू शकतो, असं ते स्वतःच स्पष्ट सांगतात. समुदायाने बांधलेल्या वस्तूवर अशी पाटी हवीच.

पण ही पाटी दारावर आहे, प्रत्येक पॅकेजवर नाही. ‘सगळंच धोक्याचं असू शकतं’ हे वाक्य खरं असलं तरी उपयोगाचं नाही. मला हवंय ते असं : अमुक आवृत्ती, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दिली, अमुक कारणाने मागे घेतली. शेजारी बसण्याच्या सोयीलाही मर्यादा आहे. डीएनएफ एका वेळी सहसा तीनच कर्नल ठेवतो, चौथं आलं की सगळ्यात जुनं जातं. स्थिर मालिकांमध्ये तर जवळजवळ दर आठवड्याला नवी आवृत्ती येते. म्हणजे नियमित अपडेट करणाऱ्या संगणकावर महिन्याभरापूर्वीचं कर्नल उरलेलं नसतं. तेव्हा जतनाची जबाबदारी वापरणाऱ्याच्या डिस्कवर सोडून भागत नाही.

याच कुटुंबातला आणखी एक धडा. सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला. पॅकेजेस नष्ट झाली नाहीत, ती व्हॉल्ट नावाच्या संग्रहात गेली. पण संगणक ज्या पत्त्यावर मिररची यादी विचारायचे तो पत्ताच बंद झाला, आणि चालू असलेल्या असंख्य बांधण्या एका दिवसात अडकल्या. वस्तू कपाटात सुरक्षित, पण कपाटाकडे जाणारी वाट बुजलेली. जतन म्हणजे फक्त फाईल ठेवणं नव्हे, जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नवा पत्ता सांगणंही त्यात आलं.

आर्च : ताट जपलं, घरगुती पाककृती सोडल्या

आर्चचा स्वभाव उलटा. तिथे कर्नल अपग्रेड केलं की जुनं सरळ जातं. रीबूट न करता पेनड्राइव्ह लावला तर तो उघडत नाही, कारण चालू कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून गेलेली असतात. हे एकदा तरी प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. पण याच आर्चकडे अधिकृत रेपोंचा तारीखवार संग्रह आहे आणि काही वर्षं जुनी झालेली पॅकेजेस पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवली जातात. ‘आम्ही कायम सांभाळू शकणार नाही, म्हणून सांभाळणाऱ्याकडे देतो’ हा शहाणपणा मला फार आवडला.

फक्त हे सगळं *अधिकृत* पॅकेजेसपुरतं. वापरकर्त्यांनी केलेल्या कर्नलसाठी एयूआर आहे आणि तिथे बांधलेलं पॅकेज नसतं, बांधायची कृती असते. कृती आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण आजीची पुरणपोळीची कृती वहीत असली तरी तो गूळ, ती डाळ आणि तो तवा वहीत नसतो.

"पण सोर्स तर आहे ना?"

हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला, आमच्या सरांनीसुद्धा. लिनक्सचा सोर्स प्रत्येक आवृत्तीच्या खुणेसह उपलब्ध आहे. सॉफ्टवेअर हेरिटेजसारखा प्रकल्प जगभरचा सोर्स जपतोय. मग बायनरी गेली तर काय बिघडलं?

उत्तर तीन पायऱ्यांचं. पहिली : सोर्स म्हणजे कर्नल नव्हे. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये हजारो पर्याय असतात, शिवाय समुदायाचे स्वतःचे पॅच, शिवाय कंपायलरची आवृत्ती. दुसरी : हे सगळं जपलं तरी पुन्हा बांधल्यावर बाइटनबाइट तेच मिळेल असं नाही. कर्नल स्वतःमध्ये बांधल्याची वेळ, बांधणाऱ्याचं नाव आणि यंत्राचं नाव लिहून ठेवतं. हे ठरावीक ठेवता येतं, त्यासाठी पर्याय आहेत. पण मॉड्यूल्सवर सही करायची सोय चालू असेल आणि किल्ली दिलेली नसेल, तर बांधताना नवीन किल्ली तयार होते आणि तिचा सार्वजनिक भाग कर्नलमध्येच बसतो. मग दोन बांधण्या कधीच सारख्या येत नाहीत. तिसरी पायरी, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाची : बाइट जुळले नाहीत की पुरावा संपतो आणि युक्तिवाद सुरू होतो. "फरक फक्त किल्लीचा आहे" हे मला पटवून द्यावं लागतं. बायनरी हातात असती तर हॅश दाखवून विषय संपला असता.

परवान्याचा आधार घ्यावा तर तोही तोकडा आहे. लिनक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. बायनरी वाटणाऱ्याने सोर्स द्यायला हवा, त्यात बांधणीच्या स्क्रिप्ट्सही आल्या. पण सोर्स बरोबर न देता लेखी हमी द्यायची तर तिची किमान मुदत तीन वर्षं, आणि बायनरीच्याच ठिकाणी सोर्स ठेवला असेल तर बायनरीबरोबर तोही काढता येतो, असाच व्यवहार चालतो. तीन वर्षांत आमच्याकडे पीएच.डी.चा पहिला निबंध निघाला तरी पेढे वाटतात.

दुसऱ्या बाजूचं ऐकू या

स्वयंसेवकांची बाजू खोटी नाही. जुन्या कर्नलमध्ये जाहीर झालेली सुरक्षा-छिद्रं असतात. ती सहज मिळतील अशी ठेवली तर लोक आळसाने तीच वापरतील आणि शिव्या बांधणाऱ्याला बसतील. जागेचाही प्रश्न आहे. डिबगची चिन्हं धरली तर एका आवृत्तीचा पसारा शेकडो मेगाबाइटमध्ये जातो, दर आठवड्याला, अनेक रचनांसाठी. आणि हे सगळं नोकरी सांभाळून, घरच्या जोडणीवरून करणाऱ्या माणसाला मी, फुकट वापरणारी, काय म्हणून सुनवावं?

मान्य. म्हणून सगळं कायम ठेवा असं मी म्हणत नाही. पण कमी खर्चात होण्याजोग्या चार गोष्टी आहेत. संग्रह वेगळ्या पत्त्यावर ठेवा, म्हणजे आपोआप कुणाच्या संगणकावर जुनं चढणार नाही. बायनरी ठेवणं जमत नसेल तर तिचा हॅश, कॉन्फिग, पॅच आणि कंपायलरची आवृत्ती तरी ठेवा. हे सगळं मिळून काही शे किलोबाइट होतं. एकदा दिलेला आवृत्ती-क्रमांक वेगळ्या बायनरीला पुन्हा देऊ नका. डेबियन हा नियम कसोशीने पाळतं, छोट्या रेपोंनीही पाळावा. आणि एखादी आवृत्ती मागे घेतलीत तर तिच्या नावाला कंस करा, कारणाची एक ओळ लिहा, पण नाव पुसू नका.

आपल्या, म्हणजे वापरणाऱ्यांच्या बाजूलाही सोवळं असल्याचा आव आणता येणार नाही. ते पॅकेज माझ्या संगणकावर अकरा आठवडे होतं. कॉपी करायला एक मिनिट लागलं असतं. मी ते केलं नाही, कारण इंटरनेटवर आहे म्हणजे आहेच, असं मी धरून चालले होते. त्या स्वयंसेवकाने मला कर्नल दिलं होतं, माझ्या मोजण्यांची जबाबदारी घेतली नव्हती. ती माझीच होती.

म्हणून आता प्रत्येक मोजणीच्या फोल्डरमध्ये एक छोटं उपफोल्डर असतं. त्यात ‘युनेम’चं संपूर्ण उत्तर, प्रॉक-व्हर्जनमधली ओळ (तिच्यात कंपायलरही कळतो), बूट फोल्डरमधली कॉन्फिग, प्रत्यक्ष पॅकेजची फाईल, तिचा सोर्स आणि दोन्हींचे हॅश. हे करणारी स्क्रिप्ट जेमतेम वीस ओळींची आहे. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलाने परवा विचारलं, "ताई, एवढं कशाला? ही आवृत्ती तर नेटवर मिळतेच."

मी त्याला चौथ्या प्रकरणातलं ते वाक्य दाखवलं. त्या अकरा आठवड्यांतला उंचवटा निसर्गाचा होता का, हे मला आजही सांगता येत नाही, आणि माझ्यामागून कुणालाही सांगता येणार नाही.